जेम्स वेल्स : पेशव्यांच्या दरबारांतील एक चित्रकार

शाळेच्या क्रमिक पुस्तकांत सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस यांचीं चित्रें मराठी मुलें पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलीं आहेत. गादीवर बसलेले कोवळ्या वयाचे श्रीमंत आणि त्यांच्याजवळ साध्या पांढऱ्या वेषांतले, सडपातळ, उभट चेहऱ्याचे नाना, या दोन मूर्ति आपल्या डोळ्यांपुढें इतक्या ठाम उभ्या आहेत कीं, त्या कोणीतरी एके काळीं समोर बसून रंगविल्या असतील हा विचारच सहसा मनांत येत नाहीं. पेशवाईंतील कित्येक कर्त्या पुरुषांचीं रूपें आपणांस तर्कानें ठरवावीं लागतात. या दोघांच्या बाबतींत तसें नाहीं. मूळ तैलचित्र इ. स. १७९२ मध्यें पुण्यांत तयार झालें. आज तें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. तें काढणाऱ्या माणसाचें नांव जेम्स वेल्स. हा कोण, कोठला, आणि नानांसारख्या सावध मुत्सद्द्याला समोर बसविण्याइतकी त्याची पुण्यांत पोंच कशी झाली, हें फार थोड्यांस ठाऊक असतें.

वेल्सचा जन्म १७४७ सालीं स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील पीटरहेड या गांवीं झाला. गांव बंदराचें, समोर थंड, खवळलेला उत्तर समुद्र, आणि वस्ती बहुतेक मासेमारीवर जगणारी. तेथून तो जवळच्या ॲबर्डीन शहरीं आला व तेथील मॅरिशल कॉलेजांत शिकला. चित्रकलेचें शिक्षण मात्र त्याला कोणीं दिलें नाहीं. तें त्यानें आपलें आपणच संपादन केलें. ॲबर्डीनमध्यें त्याचा उदरनिर्वाह चालला तो थोड्या पैशांत लोकांचे चेहरे काढून आणि पत्र्याच्या तुकड्यांवर छोटेछोटे देखावे रंगवून. पत्र्यावरचीं चित्रें विकून संसार चालविणारा हा माणूस पुढें एका राज्याच्या धन्याचें चित्र काढील असें त्या गांवांत कोणी म्हटलें असतें, तर लोक हंसले असते.

तरुण वय उलटून गेल्यावर त्यानें लंडनची वाट धरली. हा त्याचा पहिला नवा आरंभ. चित्रकाराची परीक्षा त्या काळीं लंडनांत प्रदर्शनांमध्यें होत असे. १७८३ सालीं सोसायटी ऑफ आर्टिस्ट्‌स या संस्थेच्या प्रदर्शनांत त्याचे देखावे मांडले गेले आणि १७८८ व १७८९ या दोन वर्षीं रॉयल ॲकॅडमीच्या भिंतीवर त्यानें काढलेलीं व्यक्तिचित्रें लागलीं. रॉयल ॲकॅडमीची भिंत मिळणें हा मान खराच. परंतु त्या भिंतीवर रेनॉल्ड्‌ससारख्या धुरंधरांचीं चित्रें असत, आणि शेंकडों चौकटींच्या गर्दींत एका स्कॉटिश माणसाचीं दोन चित्रें कोणाच्या लक्षांत राहणार? प्रदर्शनानें नांव छापून येतें, पोट भरेलच असें नाहीं. चाळिशी ओलांडलेल्या, संसारी माणसाला हें कळावयास वेळ लागत नाहीं.

हिंदुस्थानांतून मात्र त्या दिवसांत निराळ्या वार्ता येत होत्या. टिली केटल हा चित्रकार १७६९ मध्यें मद्रासेस उतरला होता. योहान झोफनी १७८३ पासून १७८९ पर्यंत कलकत्त्यास व लखनौस राहून, नबाबांचीं व साहेबलोकांचीं चित्रें काढून, गबर होऊन परतला होता. कलकत्ता, मद्रास, लखनौ हीं क्षेत्रें अशा रीतीनें आधींच व्यापलेलीं होतीं. मुंबईकडे मात्र नांव घेण्यासारखा चित्रकार फिरकला नव्हता. कंपनी सरकारच्या परवान्यावांचून तेव्हां कोणाहि इंग्रजास हिंदुस्थानांत पाऊल टाकतां येत नसे. वेल्सनें व्यक्तिचित्रकार म्हणून तो परवाना मिळविला, आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या गलबतावर चढला, आणि १७९१ च्या जुलै महिन्यांत, ऐन पावसाळ्यांत, मुंबईस उतरला. वय चव्वेचाळीस. हा दुसरा आरंभ.

त्या वेळची मुंबई म्हणजे कोटाच्या आंतली वस्ती आणि बाहेर माडांच्या राई, भातखाचरें, खाजणें. महालक्ष्मीपासून वरळीपर्यंत समुद्र अडविणारा बांध नुकताच तयार झाला होता. इंग्रजांचें सारें लक्ष टिपूवरील स्वारीकडे लागलेलें. शहरांत चित्र काढवून घेण्यास सवड असलेले श्रीमंत गोरे थोडेच. वेल्स रिकामा बसला नाहीं. मलबार टेंकडीवरून, बंदरावरून, वरळीच्या बांधाजवळून, खाडीपलीकडील घारापुरीवरून त्यानें मुंबईचे देखावे रेखाटले. १७९१ व १७९२ या दोन वर्षांतील या रेखाटनांवरून पुढें बारा देखाव्यांचें एक पुस्तक झालें. आज उंच इमारती उठलेल्या या बेटावर एके काळीं किती झाडी आणि किती पाणी होतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तीं बारा चित्रें पाहावीं.

परंतु वेल्सचें नशीब मुंबईंत उघडावयाचें नव्हतें. तें घाटावर, पुण्यांत, त्याची वाट पाहत होतें. पेशव्यांच्या दरबारीं कंपनीचा वकील म्हणून सर चार्ल्स मॅलेट हा १७८६ पासून राहत होता. मुळा व मुठा या नद्यांच्या संगमावर त्याचें बिऱ्हाड असे. त्यावरून त्या जागेस पुणेंकर नुसतें ‘संगम’ म्हणत. मॅलेट हा पक्का राजकारणी. नानांशीं गोड बोलून, वेळप्रसंगीं महिनोन्‌महिने थांबून, त्यानें १७९० मध्यें टिपूविरुद्ध मराठे, निजाम व इंग्रज यांच्या युतीचा तह घडवून आणला आणि त्याबद्दल त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. पण राजकारणाखेरीज त्याला दुसरें एक वेड होतें. या देशांतील देवळें, लेणीं, पशुपक्षी, लोक या सर्वांचीं टिपणें व चित्रें तो जमवीत असे. हें वेड निव्वळ विद्येचें होतें असें म्हणणें भाबडेपणाचें होईल. ज्या मुलुखाची माहिती हातीं असते त्या मुलुखावर हात ठेवणें सोपें जातें, हें कंपनीचा प्रत्येक वकील जाणत होता. तरी पण मॅलेटच्या ठायीं खरी जिज्ञासाहि होती, आणि तिच्यामुळेंच आपल्या इतिहासाचीं कांहीं पानें वांचलीं, हेंहि तितकेंच खरें.

मॅलेटनें वेल्सला पुण्यास नेलें. १७९२ चें तें वर्ष पुण्याच्या वैभवाचें होतें. श्रीरंगपट्टणचा तह होऊन टिपूचा अर्धा मुलूख गेला होता; हरिपंत फडके विजयी होऊन परतत होते. उत्तरेंतून महादजी शिंदे बादशहाकडील वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें घेऊन जून महिन्यांत पुण्यास येऊन पोंचले आणि तीं वस्त्रें श्रीमंतांस अर्पण करण्याचा थाटाचा समारंभ झाला. महादजी व नाना या दोन बलाढ्य पुरुषांमध्यें जो लपंडाव चालला होता तो पाहण्यास सारें शहर उत्सुक. अशा या गर्दीच्या, संशयाच्या, दिमाखाच्या दिवसांत एक गोरा माणूस रंगांच्या कुपी व कापडाच्या चौकटी घेऊन शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यांतून आंत शिरला.

चित्रकला मराठ्यांस अपरिचित होती असें नाहीं. शनिवारवाड्याच्या भिंतींवर चितारी लोकांनीं रामायण-महाभारतांतील प्रसंग रंगविले होते. नानांनीं स्वतः वाईजवळील मेणवलीच्या आपल्या वाड्यांत भिंतीवर चित्रें काढविलीं होतीं. पण आपल्याकडील चितारी भिंतीवर किंवा कागदावर, बहुधा एका बाजूनें दिसणारा चेहरा, रेषेनें बांधून काढी. ताणलेल्या कापडावर तेलांत खललेल्या रंगांनीं, समोरच्या माणसाच्या गालावर उजेड कोठें पडला आहे व सावली कोठें आहे तें पाहत, दिवसांमागून दिवस बसून चेहरा ‘उभा’ करण्याची ही रीति पुणेंकरांस नवी होती. तिला बसणाऱ्याचीहि तयारी लागते. अठरा वर्षांचे सवाई माधवराव हौसेनें बसले असतील हें समजूं शकतें; त्यांच्या चोवीस तासांवर नानांची नजर असे आणि करमणुकीचे प्रसंग मोजके. पण पानिपताच्या रणांतून जीव वांचवून आलेले, बारभाईंच्या कारस्थानांतून तावून सुलाखून निघालेले, पन्नाशीचे नाना एका परक्या माणसाला आपला चेहरा न्याहाळूं देतात, यांत वेल्सच्या स्वभावाविषयींहि कांहीं कळतें. उर्मट माणसाला ती परवानगी मिळाली नसती.

चित्रांत श्रीमंत गादीवर आहेत, त्यांच्याजवळ नाना आहेत, मागें सेवक उभे आहेत. राजसभेचा भपका दाखवावा म्हणून केलेलें हें चित्र. तरी त्यांत पाहणाऱ्याची दृष्टि खिळते ती दोन चेहऱ्यांवर. एक अजून जग न पाहिलेला, दुसरा पुरेपूर पाहिलेला. वेल्सनें मोठेपणा दाखविण्यासाठीं चेहरे फुगविले नाहींत किंवा साहेबी डौलाचेहि केले नाहींत. नानांचा कृश देह त्यानें कृशच ठेवला. पत्र्यावर स्वस्तांत चेहरे काढतांना जी सवय लागली असेल, समोर दिसेल तें मुकाट्यानें काढण्याची, ती येथें उपयोगीं आली. महादजी शिंद्यांचें चित्रहि त्यानें काढलें. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस वारले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या चित्रासाठीं वेळ किती थोडा उरला होता हें दिसून येतें.

पुण्यांत वेल्सला एक जोडीदार भेटला, त्याची हकीकत आपल्या दृष्टीनें विशेष महत्त्वाची आहे. गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट असें त्याचें नांव. तांबट हें नांवच तांब्यापितळेचें घडकाम करणाऱ्या ज्ञातीचें. पुण्याच्या कसबा पेठेंतील तांबट आळींत हातोड्यांचा तो नाद अजून ऐकूं येतो. वेल्स येण्यापूर्वींच गंगाराम मॅलेटसाठीं चित्रें काढूं लागला होता. पेशव्यांच्या शिकारखान्यांत एक गेंडा होता; त्याचें १७९० सालीं गंगारामनें काढलेलें चित्र अजून उपलब्ध आहे. कातड्याच्या वळ्या, पायांची जाडी, डोळा, सारें एखाद्या घडीव भांड्याप्रमाणें घोटून काढलेलें. पैलवान, मेहनतीचे प्रकार, जनावरें, देवळें, साधु, अशीं त्याचीं अनेक चित्रें करड्या रंगाच्या छटांत केलेलीं आहेत. म्हणजे गंगारामला हात होता, डोळा होता. विलायती पद्धतीचा सराव तेवढा नव्हता. दूरची वस्तु लहान कशी होते, खांबांची रांग मागें जातांना रेषा कोठें मिळतात, अंधाऱ्या लेण्यांत उजेड कसा शिरतो, हें वेल्सनें त्यास दाखविलें.

मॅलेटच्या प्रयत्नानें व पेशव्यांच्या संमतीनें शनिवारवाड्यांत एक चित्रशाळा निघाली आणि वेल्स तेथें एतद्देशीय कारागिरांस शिकवूं लागला. मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें कलाशाळा निघाली ती १८५७ सालीं. त्याच्या सहा दशकें आधीं, पेशव्यांच्या वाड्यांत, मराठी मुलें विलायती पद्धतीनें चित्र काढावयास बसत होतीं, ही गोष्ट मुंबई व कलकत्ता यांच्या कौतुकांत पुष्कळदां विसरली जाते. शाळा लहान होती, अल्पायुषी ठरली. शाळेचें मोल तिच्या आयुष्यावरून करावयाचें नसतें, तिच्यांतून कोण बाहेर पडलें यावरून करावयाचें असतें. आणि त्या शाळेंतून गंगाराम बाहेर पडला.

एव्हांना वेल्सच्या मनानें तिसरी वाट धरली होती. ज्या कामासाठीं तो परवाना घेऊन आला तें काम चेहऱ्यांचें. त्यांत पैसा होता, मान होता. पण सह्याद्रीच्या पोटांत कोरलेलीं लेणीं पाहिल्यावर त्याला त्यांचा ध्यास लागला. घारापुरी, कार्लें, जोगेश्वरी, कान्हेरी, वेरूळ या ठिकाणांचीं मोजमापें घ्यावीं, आराखडे तयार करावे, मूर्ति जशा आहेत तशा रेखाटाव्या आणि हें सारें एका मोठ्या ग्रंथाच्या रूपानें जगापुढें मांडावें असा त्यानें संकल्प केला. आज पुरातत्त्व खात्याच्या फलकांमुळें आपणांस हें सोपें वाटतें. त्या वेळीं लेण्यांत वटवाघळांची व वाघांची वस्ती, वाट काट्याकुट्यांची, दोर धरून माप घेणारे मजूर भुताखेतांच्या भयानें आंत शिरावयास कां कूं करीत असले तर नवल नाहीं. अजिंठ्याचीं लेणीं इंग्रजांच्या दृष्टीस पडलीं तीं १८१९ मध्यें. फर्ग्युसनचा कोरीव देवळांवरील ग्रंथ निघाला तो १८४५ मध्यें. वेल्स व गंगाराम हे त्यांच्या आधीं पन्नास वर्षें मशाल घेऊन या अंधारांत शिरले होते.

१७९३ मध्यें टॉमस डॅनिएल व त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे नामांकित चित्रकार हिंदुस्थानभर हिंडून, परतीच्या वाटेवर, मुंबईस आले. उत्तरेंतील व दक्षिणेंतील देखाव्यांचा मोठा साठा त्यांच्यापाशीं होता. पश्चिमेंतील लेणीं मात्र त्यांनीं पाहिलेलीं नव्हतीं. वेल्सनें त्यांना तीं हिंडून दाखविलीं. धंद्यांतले लोक एकमेकांपासून आपलीं क्षेत्रें लपवून ठेवतात, हा सर्वत्रचा अनुभव. वेल्सनें आपल्या संकल्पित ग्रंथाचा विषय दोन तुल्यबळ कलावंतांपुढें मोकळ्या मनानें उघडा केला. हें औदार्य त्यास पुढें कसें फळलें तें लवकरच दिसेल.

मॅलेटचें एक काम अद्याप त्याच्याकडे होतें. १७९० च्या तहाचा दरबार, ज्यांत मॅलेटनें तहनामा पेशव्यांस दिला, त्याचें भव्य चित्र मॅलेटला हवें होतें. अडचण अशी कीं, दरबार भरला तेव्हां वेल्स हिंदुस्थानांत आलाच नव्हता. न पाहिलेला प्रसंग रंगवावयाचा म्हणजे त्यांतील प्रत्येक माणूस निरनिराळा गांठून त्याचा चेहरा टिपून घ्यावयाचा, वाड्यांतील गणपती रंगमहालाचे खांब व कमानी रेखाटावयाच्या, आणि मग सर्व एकत्र जुळवावयाचें. हें काम चिकाटीचें. सरदार, मुत्सद्दी, शागीर्द यांचीं रेखाटनें साठत गेलीं. पोशाख, पगड्या, बसण्याच्या तऱ्हा, मानाचा क्रम, कोण कोणाच्या पलीकडे बसतो, हें सारें त्यानें जमविलें. अनेक बखरकारांनीं लिहिलें नाहीं तें या कागदांवर आलें. रॉबर्ट मॅबन नांवाचा, शिपाईगिरी सोडून चित्रकलेकडे वळलेला एक तरुण त्याच्या हाताखालीं मदतीस होता.

१७९५ साल उजाडलें. मार्चमध्यें खर्ड्यास निजामाचा पराभव झाला. मराठी राज्याचे सर्व सरदार एका निशाणाखालीं लढण्याचा तो शेवटचा प्रसंग. श्रीमंत पुण्यास परतले. दसऱ्याच्या सुमारास त्यांना ताप येऊं लागला, मन बिघडलें, आणि २५ ऑक्टोबर रोजीं शनिवारवाड्याच्या माडीवरून ते खालीं कारंजावर कोसळले. दोन दिवसांनीं, २७ ऑक्टोबरास, त्यांचा अंत झाला. वय अवघें एकवीस. नानांचें सारें राजकारण ज्या एका देहाभोंवतीं उभें होतें तोच देह गेला. महादजी आधींच गेले होते, हरिपंतहि गेले होते. तीनच वर्षांपूर्वीं वेल्सच्या पुढें बसलेली मंडळी भराभर उठून चालली होती.

आणि चित्रकारहि मागें राहिला नाहीं. पावसाळा संपतांच तो साष्टी बेटांत, कान्हेरीच्या लेण्यांत, मूर्तींचीं रेखाटनें करीत होता. साष्टी व ठाणें इंग्रजांनीं १७७४ च्या डिसेंबरांत घेतलीं होतीं, त्यामुळें तेथें राहण्यास त्याला कोणाची आडकाठी नव्हती. परंतु पावसाळ्यानंतर कान्हेरीचें रान म्हणजे तापाचें माहेरघर. शंभराहून अधिक लेणीं, प्रत्येकाच्या दाराशीं कातळांत खोदलेली पाण्याची टांकी, भोंवतीं दाट झाडी. हिंवताप डांसामुळें होतो हें रोनाल्ड रॉसनें दाखवून दिलें १८९७ मध्यें; वेल्सच्या काळीं लोक रानांतील वाईट हवेला दोष देऊन मोकळे होत. त्याला ताप भरला, आणि नोव्हेंबर महिन्यांत ठाण्यास तो मरण पावला. श्रीमंतांच्या मृत्यूला महिनाहि झाला नव्हता. वेल्सचें वय अठ्ठेचाळीस. हिंदुस्थानांत येऊन चार वर्षें व चार महिने झाले होते. दरबाराचें चित्र अपुरें, लेण्यांचा ग्रंथ अपुरा.

यापुढची कथा त्याच्या कागदांची आहे. मॅलेट १७९७ मध्यें पुणें सोडून गेला, तो हा सारा साठा घेऊन. १८०० सालीं लंडनांत मुंबईचे बारा देखावे प्रसिद्ध झाले. १८०३ मध्यें वेरूळच्या लेण्यांचें चोवीस चित्रांचें पुस्तक निघालें; रेखाटनें वेल्सचीं, तीं तांब्याच्या पत्र्यावर उतरवून छापण्याचें काम टॉमस डॅनिएलच्या देखरेखीखालीं झालेलें. आणि १८०५ च्या रॉयल ॲकॅडमीच्या प्रदर्शनांत, ज्या भिंतीवर सोळा वर्षांपूर्वीं वेल्सचीं व्यक्तिचित्रें गर्दींत हरवलीं होतीं, तेथें पुण्याच्या दरबाराचें तें भव्य चित्र झळकलें. चित्राखालीं नांव होतें टॉमस डॅनिएलचें. मॅलेटनें वेल्सचीं रेखाटनें त्याच्या स्वाधीन केलीं होतीं आणि त्यांवरून त्यानें तें पुरें केलें. दरबार त्यानेंहि पाहिलेला नव्हता. डॅनिएलला दोष देण्याचें कारण नाहीं. त्यानें काम सुंदर केलें, आणि पुस्तकावर वेल्सचें नांवहि राखलें. तरी लोकांच्या मुखीं राहतें तें पुरें करणाराचें नांव. लेण्यांची वाट ज्यानें दाखविली तो मागें पडला.

गंगारामच्या वांट्यास तर त्याहून थोडें आलें. मॅलेटनें वेरूळविषयीं लिहिलेला निबंध कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनग्रंथाच्या सहाव्या भागांत आला, त्यासाठीं गंगारामचीं रेखाटनें वापरलीं होतीं. म्हणजे वेरूळचें कैलास लेणें कागदावर विद्वानांपुढें गेलें तें प्रथम एका पुणेरी तांबटाच्या हातानें. परंतु चित्रें विलायतेस गेलीं, आणि महाराष्ट्रांत शे-दीडशे वर्षें या नांवाचा माणूस होऊन गेला याचा पत्ताहि फारसा कोणास नव्हता. त्याचीं व वेल्सचीं पुष्कळशीं चित्रें व वेल्सची रोजनिशी आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयांत आहेत; दरबाराचें चित्र लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. पुण्याचा गेंडा पाहावयास मराठी माणसानें समुद्र ओलांडावा, ही गोष्ट मनाला लागल्यावांचून राहत नाहीं.

पण दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. संगमावरचें वकिलांचें बिऱ्हाड ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं, खडकीच्या लढाईच्या दिवशीं, मराठी फौजेनें जाळून टाकलें. एल्फिन्स्टनचा ग्रंथसंग्रह त्यांत भस्म झाला. मॅलेटचे कागद तेथें मागें राहिले असते तर त्यांचीहि तीच गत होती. शनिवारवाड्यास १८२८ च्या फेब्रुवारींत आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. गणपती रंगमहाल, त्याचे कोरीव खांब, रंगविलेल्या भिंती, छतें, सर्व नाहींसें झालें. आज तेथें जोतीं व तटबंदी तेवढी आहे. तो महाल आंतून कसा दिसत होता हें सांगणारें ठळक साधन म्हणजे न पाहिलेल्या दरबाराचें, एकानें सुरू केलेलें व दुसऱ्यानें पुरें केलेलें, तें लंडनचें चित्र. त्यांत गणपतीच्या मूर्तीपुढें भरलेली सभा पाहतांना पुण्याच्या माणसाला आपलेंच हरवलेलें घर परक्याच्या खिडकींतून दिसावें तसें वाटतें.

वेल्सची मुलगी सुझाना हिच्याशीं मॅलेटनें १७९९ सालीं इंग्लंडांत विवाह केला. आश्रयदाता अशा रीतीनें जांवई झाला, आणि सासऱ्याचीं चित्रें घरचींच म्हणून जपलीं गेलीं. या दांपत्याला आठ मुलगे झाले. त्यांपैकीं ह्यू पॉइंट्‌झ मॅलेट हा मुंबई इलाख्यांत नोकरीस आला व ठाणें जिल्ह्याचा कलेक्टर झाला. ज्या ठाण्यास आजोबांनीं देह ठेवला तेथेंच नातू कारभार पाहूं लागला. १८५० च्या मे महिन्यांत चौकच्या पायथ्याशीं त्याचा मुक्काम पडला असतां, समोरच्या डोंगरावर काय आहे तें पाहावें म्हणून तो रान तुडवीत वर चढून गेला. त्या डोंगराचें नांव माथेरान.